डावा कच्चा

माणसाचे दोन पाय सारखे नसतात, हे मला नागपूरच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात कळलं. सौंसरच्या मैदानावर मी लहानपणापासून कबड्डी खेळत आलो होतो, पण पाय म्हणजे पाय. एकेक सुटा करून कधी पाहिला नव्हता. तिथल्या आमच्या सरांनी शिकवलं की प्रत्येक खेळाडूचा एक पाय पुढाकार घेतो आणि दुसरा त्याच्यामागे कसंबसं निभावून नेतो. फरक थोडा असेल तर चालतो. जास्त असेल तर खेळाडू एक दिवस त्याच फटीतून पडतो.

हे शिकून मी पांढुर्ण्याच्या एका शाळेत पीटीआय, म्हणजे खेळाचा मास्तर, म्हणून लागलो. ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. शाळेत यंत्रं कसली, धड चेंडूसुद्धा नव्हता. मी मुलांना ओल्या पायांनी व्हरांड्याच्या फरशीवर उभं करायचो आणि कोणता ठसा जास्त भरतो ते पाहायचो. मग खडूच्या रेघेवरून एका पायानं उडी, टाच पडेल तिथे खूण. मग दुसऱ्या पायानं. बाकावर बसवून, हात छातीशी बांधून, एका पायावर उठायला लावायचो. शेवटी शिंप्याकडून मागून आणलेल्या टेपनं गुडघ्याच्या वीतभर वर दोन्ही मांड्या मोजायचो. हेडमास्तर जाता जाता म्हणायचे, "काय सर, पँटी शिवून राहिले का पोट्ट्यांच्या?"

त्या वर्षी अकरावीत एक मुलगा होता. मध्ये शाळा सुटल्यामुळे वर्गात सगळ्यांत मोठा, मिशी फुटलेली. वडील नव्हते. आई संत्र्याच्या बगिच्यात आणि कापूस वेचायला मजुरीनं जायची. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. एक धाकटी बहीण, तेव्हा चौथीत वगैरे. शाळेत तो माझा विद्यार्थी आणि संध्याकाळी पांढुर्ण्याच्या एका मंडळाचा चढाईपटू. चढाईला गेला की समोरच्या सातजणांना तो कुठून आला आणि कुठून गेला ते कळायचं नाही. पकड जवळ आली की उजव्या पायावर भोवऱ्यासारखी गिरकी, आणि दुसऱ्या क्षणी मध्यरेषेच्या अलीकडे.

पांढुर्ण्यावरून दिवसभर गाड्या जातात. त्याला त्या गाड्यांची नोकरी हवी होती. रेल्वेत खेळाडूंची भरती असायची, तिची निवड चाचणी उन्हाळ्याच्या तोंडाशी नागपूरला होती, आणि माझ्या कॉलेजातले सर त्याला तिथे पाहणार होते. घरात ही गोष्ट एवढी पक्की झाली होती की त्याची आई मला विचारायची, "सर, डबा तिकडेच भेटंन का याले, का आपण द्या लागंन?"

मी त्याचे पाय तपासले, तेव्हा चकित झालो. उजव्या पायानं तो मारायचा ती उडी आणि डाव्यानं मारायचा ती, यांत चांगला हातभर फरक. बाकावरून डाव्या पायावर उठताना गुडघा आत मुडपायचा. मांडीसुद्धा बारीक.

"लहानपणी पडला होतास का?"

"नाई सर."

कारण मला बगिच्यात सापडलं. तोडणीच्या दिवसांत तो आईबरोबर जायचा. शिडीवर चढला की सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय नुसता वरच्या पायरीत अडकवलेला, आणि अंग झोकून दोन्ही हातांनी संत्री पिळून तोडणं. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून तो असाच उभा राहत आला होता. उजवा पाय झाडाएवढा झाला होता, आणि डावा नुसता लटकत वाढला होता.

मग आम्ही डाव्याच्या मागे लागलो. नियम सोपा होता. सुरुवात डाव्यानं करायची, आणि डावा जेवढं करेल तेवढंच उजव्याला द्यायचं, जास्त नाही. ओट्याची चढउतार, एका पायावर बसणं-उठणं, उडी मारून गुडघा न हलवता थांबणं. पण खरा फायदा झाला तो कापसाच्या जिनिंगमध्ये. तिथे बैलबंडीत कापूस तुडवून दाबायचं काम तो करायचा. मी म्हणालो, "डाव्यावरच तुडव. उजवा वर धर." कापूस पायाखाली धसतो, हलतो, माणसाला तोल सांभाळत राहावा लागतो. बंडीवाले हसायचे, "काबे, करकोचा झाला का तू?" तो हसत एका पायावर नाचत राहायचा. डावा पाय सुधारू लागला. खडूच्या खुणा जवळ येऊ लागल्या. पण भिडल्या नव्हत्या. चाचणीपर्यंत भिडल्या असत्या.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो. आजवर सांगितलं नाही, निदान असं तरी नाही.

मी दर शनिवारी बसनं सौंसरला घरी जायचो. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाच्या दर्शनाला जाणारे उतरायचे, बस रिकामी व्हायची, आणि मग मला गाव आल्यासारखं वाटायचं. सौंसरच्या स्टँडवर चहाच्या टपरीपाशी आमच्या जुन्या मंडळाची पोरं बसलेली असायची. ज्यांच्याबरोबर मी वाढलो, खरचटलो, जिंकलो, ती. त्या शनिवारी त्यांच्या डोक्यात एकच विषय होता. पुढच्या आठवड्यात सौंसरला स्पर्धा होती आणि पांढुर्ण्याचं ते मंडळ येणार होतं.

"या, पांढुर्णेकर!" आमचा कप्तान म्हणाला. "आमची आठवण कशी काय आली बे?"

"दर शनिवारी तं येतो."

"येतो सही, पण पाणी तिकडचं पिऊन राहिला ना. मॅचच्या दिवशी कोणाकडून बसशील?"

"मी कायले बसू कोणाकडून?"

"तो टेप घेऊन बसंन," दुसरा म्हणाला. "पोट्ट्यांच्या मांड्या मोजते म्हणे हा. काबे, कॉलेजात पाठवलं होतं का शिंप्याकडे?"

सगळे खदखदा हसले. मीही हसलो. पण मला ते लागलं. कॉलेजातून आल्यापासून या लोकांनी माझ्या शिक्षणाची नुसती टिंगलच केली होती.

"नाई, पण मोजून समजते काय?" कप्तान म्हणाला. "तुमचा तो चढाईवाला. त्याले तं कोणी धरूच नाई शकून राहिलं. सांग, तुह्या टेपानं काय समजलं त्याचं?"

चहा संपवून उठता आलं असतं. आई वाट पाहते, जेवायचं आहे, काहीही म्हणता आलं असतं.

"समजते ना," मी म्हणालो. "त्याचा डावा कच्चा आहे."

"म्हणजे?"

मी कप खाली ठेवला. उठलो. स्टँडच्या सिमेंटच्या ओट्यावर उभा राहून त्यांना दाखवलं. तो उजव्यावर कसा फिरतो ते दाखवलं. मग उजवी बाजू अडवली तर काय होईल ते दाखवलं. डावा पाय टेकवला, त्याचा गुडघा मुडपतो तसा माझा मुडपला. "हे पाहा, इथं. इथं तो अर्धा श्वास अडकते. उजवीकडून दाबलं का त्याले डावा टेकवाच लागते. टेकला का घोटा धरा आणि अंगावर या. तिथून त्याले उठता येत नाई."

आता कोणी हसत नव्हतं. कप्तान पुढे झुकला होता.

"डावा म्हणजे आपल्याकडून डावा का त्याच्याकडून?"

"त्याच्याकडून," मी म्हणालो.

"हां." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "शिकला तं तू काहीतरी. दुसरा चहा सांग रे सरले."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा सर म्हटलं. घरी जाताना मी खूष होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण खूष होतो.

मधल्या दिवसांत मी त्याला सावध करू शकलो असतो. 'तुझा डावा त्यांना माहीत आहे' एवढंच. पण मग कसं माहीत झालं, हे सांगावं लागलं असतं. मी मनाची समजूत घातली की टपरीवरच्या गप्पा टपरीवरच राहतात.

स्पर्धेच्या दिवशी मैदानाला चहूबाजूंनी माणसं. मी दोन्हीकडचा म्हणून मध्यरेषेच्या टोकाशी उभा होतो. पहिल्या काही चढायांत त्यानं गडी टिपून आणले. मग आमच्या कप्तानानं हातानं खूण केली आणि बचाव एका बाजूला सरकला. मला कळलं. मी तोंड उघडलं नाही.

तो आत गेला, फिरायला लागला, उजवीकडे माणूस आडवा आला. त्यानं डावा टेकवला. एकानं घोटा धरला, दोघे वरून आले. कापसाची सुकलेली पऱ्हाटी पायाखाली मोडावी तसा आवाज झाला. टाळ्या वाजत होत्या, लोकांना वाटलं पकड झाली. मी धावलो. तो पाठीवर पडून होता, तोंड पांढरंफटक, आणि मला विचारत होता, "सर, लाइन शिवली का मी?"

शिवली नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं की गुडघ्याच्या आतले दोर तुटलेत. चालेल. खेळणार नाही. आमच्या मंडळाची पोरं दवाखान्यात येऊन रडली, हेही खरं आहे. मोडायचं कोणाच्याच मनात नव्हतं. पकडायचं होतं. पण कुठे पकडायचं, ते मी शिकवलं होतं.

तो घरी आल्यावर मी भेटायला गेलो. खाटेवर पाय लांब करून बसला होता. बहीण दारात उभी, आई चुलीपाशी. नागपूरच्या चाचणीचा दिवस तोवर येऊन गेला होता. तो म्हणाला, "सर, चूक माहीच आहे. तुम्ही म्हणत होते, डाव्याचं रोज करत जाय. मी तोडणीच्या दिवसात बुडवलं. नाई तं आज हे नसतं झालं. हाव ना सर?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आईसुद्धा पाहत होती.

"हूं," मी म्हणालो. "बुडवायला नको होतं."

"पाहा!" आई म्हणाली. "मी काय म्हणत होती? लय आळशी आहे हा. सरांचं आयकत नाई." आणि ती रडायला लागली. तो खाली मान घालून बसला.

मैदानावर मी गप्प राहिलो. टपरीवर बढाई मारली. पण त्या खाटेपाशी जे केलं ते या दोन्हींपेक्षा वाईट होतं.

त्यानंतर मी पाय तपासणं बंद केलं. टेप शिंप्याला परत दिला. पीटीच्या तासाला मुलांना कवायत करायला लावायचो आणि झाडाखाली बसायचो. टपरीवर जाणं सोडलं. माझ्या आईला वाटलं मला काही बाधलं आहे. तिनं मला जामसांवलीला नेलं. पण देवापुढे त्या गुडघ्यासाठी मागायचं तर आधी कारण सांगावं लागलं असतं. नारळ फोडून परत आलो.

अशीच चार-पाच वर्षं गेली. त्याची बहीण आमच्याच शाळेत आली आणि पळू लागली. तिला पळताना पाहिलं की बरं वाटायचं आणि बघवायचंही नाही. जिल्ह्याच्या स्पर्धा छिंदवाड्याला होणार होत्या. एक दिवस ती तास सोडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, मले पळता येऊन नाई राहिलं."

"काऊन?"

"डावा दुखते. नडगीपाशी. रात्री झोपबी नाई येत."

"मग थोडे दिवस थांब ना."

"दादा थांबू देत नाई. म्हणते, दुखलं तरी डाव्याचं करायचं. पहाटेच उठवते. डाव्यावर उड्या, डाव्यावर ओट्याची चढउतार."

"आणि उजव्यावर?"

"उजव्याले सुट्टी," ती म्हणाली. "आमच्या घरात डावा कच्चा असते ना सर, म्हणून."

तिनं हे असं सांगितलं जसं कोणी सांगतं, आमच्या घरात सगळ्यांचे केस लवकर पिकतात.

मी खडू मागवला. इतक्या वर्षांनी व्हरांड्यात पुन्हा रेघ मारली. ओल्या पायांनी उभं केलं, उडी मारायला लावली, बाकावरून उठवलं. डाव्याची खूण पुढे पडली. उजव्याची मागे. तिचा डावा कच्चा नव्हताच. जन्मानं जवळपास सारखे असतील असे पाय होते, आणि माझ्या एका हुंकारानं त्यांच्यात फरक पाडला होता. उजवा मागे पडला होता आणि डावा थकून मोडायच्या बेतात आला होता.

शाळा सुटल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो संत्र्याच्या पेट्या ठोकायच्या शेडमध्ये कामाला होता. काम बसून होतं म्हणून धरलेलं. पेट्या ठोकणारे मूठभर खिळे तोंडात धरतात आणि एकेक काढून ठोकत जातात. मला पाहून त्यानं खिळे हातावर काढले.

"बसा सर. संत्रा खाता?"

"बहिणीचा डावा थांबव," मी म्हणालो. "तिचे पाय तपासले मी आज. डावा कच्चा नाही तिचा. उजव्याकडे लक्ष दे, आणि आधी आराम."

तो हसला. "सर, तुम्ही दयाळू आहा. पोरगी रडली असंन तुमच्यापाशी. पण मी नाई ऐकणार. माह्यावेळेस मी आळस केला, पाहा काय झालं. तिचं तसं नाई होऊ देणार." आणि खिळे पुन्हा तोंडात टाकून फळी ओढली.

दुसरा उपाय उरला नव्हता. मी सांगितलं. तुझा पाय आळसानं गेला नाही. तुझा डावा सुधारत होता. सौंसरच्या पोरांना तो माहीत होता म्हणून गेला, आणि तो त्यांना माझ्याकडून कळला.

हातोडी थांबली. तोंडात खिळे असल्यामुळे त्याला बोलता येईना. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि एकेक खिळा काढून फळीवर ठेवत गेला. एवढा सावकाश की मला वाटलं, हे खिळे संपूच नयेत.

"मले वाटलं होतं," तो अखेर म्हणाला, "माहा पाय इतका कच्चा आहे, का आंधळ्यालेबी दिसत असंन."

मी फळीवरच्या खिळ्यांकडे पाहत होतो.

"एक विचारू सर? तुम्ही मुद्दाम सांगितलं, का बोलता बोलता निघून गेलं?"

"बोलता बोलता निघून गेलं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "निघून जाते," तो म्हणाला. "माणूस आहे. निघून जाते." मग हातोडी उचलली. "आईले सांगू नका. ती भांडाले थेट सौंसरले जाईन. मले आळशी म्हणते, म्हणू द्या. पोरीचं मात्र तुम्ही पाहा. कसं करायचं ते सांगा, मी करून घेतो."

मी तिचं पाहिलं. आधी आराम, मग उजव्यापासून सुरुवात, उजवा करेल तेवढंच डाव्याला. तो लंगडत मैदानावर यायचा आणि माझ्यापेक्षा कडक नजरेनं खडूच्या खुणा पाहायचा. छिंदवाड्याला ती मागे राहिली, पण न दुखता पळाली. पुढल्या वर्षी पहिल्या तिघींत आली. बक्षीस घेऊन आल्यावर त्यानं मला संत्र्याची पेटी आणून दिली. "माह्या हातची ठोकलेली आहे सर," म्हणाला. ती पेटी उघडायला मला जड गेली.

त्या दिवसानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागला. आजही वागतो. माझ्या मुलीच्या लग्नात पंगती वाढायला लंगडत फिरत होता. त्याची आई आता नाही. मरेपर्यंत ती त्याला आळशीच म्हणत गेली, आणि तो ऐकून घेत राहिला.

माझी पन्नाशी उलटली. लोक म्हणतात, सांगून टाकलंस, त्यानं माफ केलं, आता कशाला? हे म्हणणारे लोकही माझ्या मनातलेच, कारण बाहेर कोणाला ठाऊकच नाही. पण त्यानं माफ केलं ते निघून गेलेल्या शब्दाला. तसा शब्द तिथे नव्हता. मी कप खाली ठेवला होता. ओट्यावर उभा राहिलो होतो. गुडघा मुडपून दाखवला होता. कप्तानानं विचारलं तेव्हा कुणाकडून डावा, तेही नीट सांगितलं होतं. शेडमध्ये त्यानं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी दुसऱ्यांदा त्याला खोटं उत्तर दिलं.

तोंडी सांगायला गेलो तर माझी जीभ पुन्हा तेच बोलेल, मला ती माहीत आहे. म्हणून हे लिहून काढलं. आता तो स्वतःची शेड चालवतो, पण अजून पेट्या स्वतः ठोकतो. त्याच्यासमोर बसून हे वाचून दाखवायचं आहे. फक्त आधी त्याला सांगेन, खिळे तोंडातून काढून ठेव.